मेणबत्तीच्या व्याख्यानांचे कागद

लंडनमध्ये आल्बमार्ल स्ट्रीटवर रॉयल इन्स्टिट्यूशनची इमारत आहे. तिथल्या सभागृहात २७ डिसेंबर १८६० रोजी मायकेल फॅरेडेने मुलांसमोर मेणबत्तीवरचे पहिले व्याख्यान दिले. नाताळच्या सुट्टीतली ही सहा व्याख्यानांची माला जानेवारीत संपली आणि १८६१ मध्येच ‘द केमिकल हिस्टरी ऑफ अ कँडल’ या नावाने तिचे पुस्तक निघाले. आजही ते छापले जाते. विज्ञान सर्वसामान्यांपर्यंत कसे न्यावे हा विषय निघाला की या पुस्तकाचे नाव हमखास येते आणि ते योग्यच आहे. पण या पुस्तकाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहायचे असेल, तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. मुखपृष्ठावर फॅरेडेचे नाव असले, तरी त्याने हे पुस्तक लिहिलेले नाही. तो बोलला. ते बोलणे कागदावर उतरवणारे, तपासणारे आणि छापणारे लोक वेगळे होते. मग आपल्या हातात जे पडते, त्यात त्या सभागृहातले किती शिल्लक आहे?

सुदैवाने याची उत्तरे देणारे कागद टिकून आहेत.

पहिला साक्षीदार म्हणजे पुस्तकाचा संपादक विल्यम क्रुक्स. १८६० च्या अखेरीस त्याचे वय २८ होते. ‘केमिकल न्यूज’ हे साप्ताहिक त्याने वर्षभरापूर्वीच, डिसेंबर १८५९ मध्ये सुरू केले होते. मेणबत्तीच्या आदल्या नाताळात फॅरेडेने पदार्थातील निरनिराळ्या बलांवर व्याख्याने दिली होती. तीही क्रुक्सनेच संपादित करून छापली होती आणि त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने आपली कामाची रीत स्पष्ट सांगून ठेवली आहे. एका कुशल लघुलेखकाने व्याख्याने जशीच्या तशी उतरवून घेतली. त्या टिपणांवरून हस्तलिखित तयार झाले. लघुलेखकाला जे शास्त्रीय मुद्दे उमगले नव्हते, ते क्रुक्सने दुरुस्त केले. एवढे सांगून तो खंतावून म्हणतो की जे काही वेगळे वाटेल, ते वक्त्याची बोलण्याची ढब छापून देता येत नाही म्हणून. लघुलेखकाचे नाव मात्र त्याने दिलेले नाही. विज्ञानाच्या इतिहासातल्या सर्वात वाचल्या गेलेल्या व्याख्यानांची वाक्ये ज्याच्या हातून कागदावर आली, त्याला नावही मिळू नये याचे वाईट वाटते.

फॅरेडेला लघुलेखकाची जाणीव होती. मेणबत्तीच्या पहिल्याच व्याख्यानात तो म्हणतो की आपले शब्द बाहेर जगात जाणार आहेत हे ठाऊक असूनही, समोर बसलेल्या जवळच्या माणसांशी तो नेहमीच्याच घरगुती रीतीने बोलणार आहे. हे वाक्य फार मोलाचे आहे. कारण त्यामुळे छापील पाठात दिसणारा मोकळेपणा हा संपादकाने नंतर चढवलेला साज नव्हे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. छपाईची तलवार डोक्यावर असतानाही वक्त्याने तो ठरवून जपला होता.

ठरवून, असे मी म्हणतो त्याला आणखी आधार आहे. हेन्री बेन्स जोन्सने १८७० मध्ये फॅरेडेचे चरित्र आणि पत्रे प्रसिद्ध केली. त्यात १८५९ चे एक पत्र आहे. एका प्रकाशकाने ही मुलांची व्याख्याने छापण्याचा प्रस्ताव मांडला होता, त्याला फॅरेडेने दिलेला तो नकार आहे. असे प्रस्ताव वीसेक वर्षांपूर्वीही आले होते, असे तो लिहितो. पैशाचा मोह त्याला नव्हता, पैशापेक्षा विज्ञानावर आपले प्रेम जास्त, असे तो सरळ म्हणतो. आणि मग खरे कारण येते: हस्तलिखित तपासत बसण्याइतका वेळ काढला, तरी प्रयोग आणि प्रत्यक्ष बोलण्यातला जिवंतपणा यांच्याशिवाय ती व्याख्याने सभागृहातल्या परिणामाच्या जवळपासही पोचणार नाहीत.

या नकारानंतर वर्षभरातच क्रुक्सला परवानगी कशी मिळाली? पत्र नीट वाचले तर त्यात दोन अडचणी आहेत. एक वेळेची, दुसरी परिणामाची. क्रुक्सच्या योजनेत फॅरेडेला काहीच लिहायचे किंवा तपासायचे नव्हते. लघुलेखक आणि संपादक मिळून सारे उरकणार होते. पहिली अडचण अशी सुटली. दुसरी सुटली नाही, आणि ती सुटली असा दावा क्रुक्सनेही केला नाही. ‘ढब छापता येत नाही’ ही त्याची खंत आणि फॅरेडेचे पत्र शेजारी ठेवली, तर दोघे एकच गोष्ट सांगत आहेत हे दिसते.

या ढबीवर फॅरेडेने किती विचार केला होता, ते पाहायचे तर जवळजवळ पन्नास वर्षे मागे जावे लागते. १८१२ मध्ये तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या रीबाऊ नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीकामाची उमेदवारी करत होता. दुकानात येणाऱ्या विल्यम डान्स यांनी दिलेल्या तिकिटांवर त्याने याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची चार व्याख्याने ऐकली, घरी येऊन ती आकृत्यांसह सविस्तर लिहून काढली, स्वतःच बांधली आणि वर्षअखेरीस डेव्हीकडे पाठवली. ती वही आजही संस्थेत जपलेली आहे. म्हणजे ज्याची व्याख्याने पुढे दुसऱ्यांनी टिपली, त्याचा या क्षेत्रातला प्रवेशच दुसऱ्याचे व्याख्यान टिपण्यातून झाला होता. बोललेले कागदावर उतरताना त्यातले काय निसटते, हे त्याला तरुणपणीच कळले असणार, असे मला वाटते. १८५९ च्या नकारात तो अनुभवही असावा.

मार्च १८१३ मध्ये तो डेव्हीचा साहाय्यक म्हणून रुजू झाला आणि त्याच जूनमध्ये त्याने बेंजामिन ॲबट या मित्राला व्याख्यान या विषयावर ओळीने पत्रे लिहिली. तेव्हा तो २१ वर्षांचा होता आणि स्वतः त्याने सार्वजनिक व्याख्यान असे अजून दिलेच नव्हते. पण डेव्ही आणि इतरांच्या व्याख्यानांना हजर राहून त्याने बारीक निरीक्षण केले होते. सभागृहात हवा खेळती हवी, कारण कोंदट हवेत मन शिणते. वक्त्याने एका तासापेक्षा जास्त बोलू नये. श्रोत्यांकडे पाठ करू नये. बोलणे संथ असावे, घाईचे नसावे. सुरुवातीलाच श्रोत्यांच्या मनात उत्सुकतेची ज्योत पेटवावी आणि ती शेवटपर्यंत तेवत ठेवावी. प्रयोग निवडताना दिखाऊपणापेक्षा विषयाचे महत्त्व पाहावे. वाचताना आश्चर्य वाटते ते याचे, की यातली जवळपास प्रत्येक सूचना ४७ वर्षांनंतरच्या लघुलेखकाच्या पाठात पाळलेली सापडते.

फॅरेडेची आणखी एक ऋणकबुली पत्रातूनच मिळते. ऑक्टोबर १८५८ मध्ये त्याने ओग्युस्त द ला रीव्ह या शास्त्रज्ञाला लिहिले की बांधणीला आलेल्या पुस्तकांपैकी जेन मार्सेट यांच्या ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ या पुस्तकाने त्याला रसायनशास्त्राचा पाया दिला. त्यातली विधाने तो स्वतः छोटे प्रयोग करून पडताळत असे, आणि ती खरी ठरली की त्याला आधाराचा नांगर सापडल्यासारखे वाटे. १८०६ मधले हे पुस्तक दोन मुली आणि त्यांची शिक्षिका यांच्या संवादाच्या रूपात आहे. सामान्य वाचकांसाठी एका बाईने लिहिलेल्या पुस्तकातून एक शास्त्रज्ञ उभा राहिला, याचा त्याच्याच हातचा पुरावा आपल्याकडे आहे.

आता मेणबत्तीकडे परत. १८६० च्या पहिल्या व्याख्यानात तो सांगतो की हा विषय त्याने पूर्वीही घेतला आहे आणि त्याच्या मनासारखे झाले तर तो दर वर्षी घेईल. हे पूर्वीचे व्याख्यान १८४८-४९ च्या नाताळातले. त्याचा छापील वृत्तांत नाही, पण फॅरेडेची टिपणे आहेत, आणि तिसरा एक कागद आहे जो मला या साऱ्यांत सर्वात बोलका वाटतो.

२८ मे १८५० रोजी चार्ल्स डिकन्सने फॅरेडेला पत्र लिहिले. दोन पेन्यांत मिळणारे ‘हाऊसहोल्ड वर्ड्स’ हे त्याचे साप्ताहिक त्याच मार्चच्या अखेरीस सुरू झाले होते. न्याहारीच्या टेबलावरची व्याख्याने आणि मुलांसाठी दिलेली व्याख्याने यांची माहिती मोठ्या वाचकवर्गाला मिळाली तर फार बरे होईल, तेव्हा टिपणे वाचायला मिळतील का, अशी त्याची विनंती होती. फॅरेडेने टिपणे पाठवली. ३ ऑगस्ट १८५० च्या अंकात ‘द केमिस्ट्री ऑफ अ कँडल’ हा लेख आला. अंकात लेखकाचे नाव नाही, कारण त्या साप्ताहिकात लेखकांची नावे छापतच नसत. पण कार्यालयाचे हिशेबाचे पुस्तक टिकून आहे. कोणत्या लेखाचे पैसे कोणाला दिले, त्याची त्यात नोंद असे, आणि ॲन लोर्ली या संशोधिकेने १९७३ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यावरून हा लेख पर्सिव्हल ली याचा. ली शिकून डॉक्टर झालेला आणि पुढे ‘पंच’मधला विनोदी लेखक बनलेला माणूस.

लीने व्याख्यानाचा सारांश लिहिला नाही. त्याने एक घर उभे केले. त्या घरातला हॅरी विल्किन्सन हा मुलगा फॅरेडेची व्याख्याने ऐकून आला आहे आणि आपल्या बॅगेस मामांना जळती मेणबत्ती दाखवत सगळे समजावतो आहे. मामा शंका काढतात, अविश्वास दाखवतात, अचंबित होतात. हॅरीकडे काचेची वाकडी नळीही आहे. पैसे देऊन आल्बमार्ल स्ट्रीटवर जाणे ज्यांना शक्य नव्हते, अशा घरांत हा अंक जात होता.

तिन्ही कागद शेजारी मांडले की एकाच व्याख्यानाची तीन रूपे दिसतात. फॅरेडेची टिपणे त्याच्या स्वतःसाठी आहेत: प्रयोगांची नावे, क्रम, दोन-तीन शब्दांच्या आठवणी. ज्याच्या डोक्यात सारे तयार आहे, त्याला एवढेच पुरते. लीच्या लेखात समजावणे पूर्ण आहे, पण प्रयोगशाळा नाही. जे दिवाणखान्यात करता येईल तेवढेच आत आले आहे. आणि क्रुक्सच्या पाठात आवाज आहे. ‘हे पाहा’, ‘इथे’, ‘आता मी हे धरतो’ अशा शब्दांनी तो भरलेला आहे. छापील पुस्तक म्हणून हे दोषच म्हणावे लागतील, कारण वाचकासमोर ‘इथे’ काहीच नसते. क्रुक्सने ते गाळले नाहीत, आणि त्यामुळेच आज टेबलावरची हालचाल एकेक करून परत उभी करता येते.

पहिल्या व्याख्यानाचे उदाहरण घेऊ. टेबलावर निरनिराळ्या मेणबत्त्या मांडलेल्या होत्या: चरबीच्या, देवमाशापासून मिळणाऱ्या स्पर्मासेटीच्या, मधमाश्यांच्या मेणाच्या, पॅराफिनच्या. त्यांत एक ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेवरची होती. ही नौका २९ ऑगस्ट १७८२ रोजी बुडाली आणि ती मेणबत्ती कित्येक वर्षे समुद्राच्या खाऱ्या पाण्यात पडून होती. तडकलेली, मोडलेली ती मेणबत्ती पेटवल्यावर नीट जळू लागते, हे फॅरेडेने मुलांना दाखवले.

मग प्रश्न आला: वितळलेली चरबी वातीतून वर कशी चढते? त्याने एका बशीत मिठाचा उभा स्तंभ ठेवला आणि तळाशी निळा रंग घातलेले द्रव ओतले. द्रव स्तंभात चढू लागले. इथे एक तपशील थांबून पाहावा असा आहे. ओतलेले द्रव साधे पाणी नव्हते, मिठाने पूर्ण भरलेले द्रावण होते, आणि तसे ते का घेतले हेही त्याने सांगितले: त्यात आणखी मीठ विरघळूच शकत नाही, म्हणजे वर चढण्याचे कारण विरघळणे हे असू शकत नाही. समोर मुले बसली होती. साधे पाणी वापरले असते तरी कोणी विचारले नसते. पण चुकीच्या स्पष्टीकरणाची वाट त्याने आधीच बंद केली. विषय सोपा करताना पुरावा ढिला करायचा नाही, हे तत्त्व तो मुलांसाठीही सोडत नाही, आणि लोकांसाठी विज्ञान लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचावा असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या व्याख्यानात काचेची वाकडी नळी येते, तीच जी दहा वर्षांपूर्वी हॅरीच्या हाती होती. नळीचे एक टोक ज्योतीच्या मधल्या, वातीजवळच्या काळसर भागात धरले की दुसऱ्या टोकातून पांढरी, जड वाफ खाली उतरते. ही मेणाची वाफ, आणि ती पेटवता येते. तेच टोक थोडे वर, ज्योतीच्या तेजस्वी भागात नेले तर वाफेऐवजी काळा धूर निघतो. प्रकाश देणारा भाग आणि काजळीचे घर एकच, हे अशा रीतीने डोळ्यांना दिसले. त्याआधी पहिल्याच व्याख्यानात त्याने ज्योतीवर विजेच्या दिव्याचा प्रखर झोत टाकून तिची सावली पडद्यावर घेतली होती. जो भाग सर्वात उजळ, त्याचीच सावली सर्वात गडद पडली होती. कार्बनचे घन कण तापून प्रकाशतात, ही गोष्ट त्याने आधी दाखवली आणि मग सांगितली. या क्रमाचा आग्रह तो इतरांनाही करत असे. जे. एच. ग्लॅडस्टन यांनी १८७२ मधल्या आपल्या पुस्तकात त्याने दिलेला एक सल्ला नोंदवला आहे. हातातला दगड सोडला तर खाली पडेल असे म्हणायचे असेल, तर तो दगड सोडून दाखवावा. श्रोत्यांना अमुक ठाऊकच आहे असे धरून चालू नये.

हे सारे एकट्याच्या हातून होत नव्हते. सैन्यातून आलेले सार्जंट चार्ल्स अँडरसन हे १८२० च्या दशकात काचेवरच्या संशोधनासाठी साहाय्यक म्हणून आले आणि तिथेच राहिले. १८४५ मधल्या एका शोधनिबंधाच्या तळटीपेत फॅरेडेने त्यांच्या काटेकोरपणाचे आणि निष्ठेचे ऋण नावानिशी मान्य केले आहे. शोधनिबंधात साहाय्यकाचे नाव अशा आदराने येणे त्या काळी विरळाच.

ही मेणबत्तीची व्याख्याने फॅरेडेची मुलांसाठीची अखेरची ठरली. ऑक्टोबर १८६१ मध्ये त्याने संस्थेच्या व्यवस्थापकांना पत्र लिहून या कामातून मोकळीक मागितली. तो ७० वर्षांचा झाला होता आणि स्मरणशक्ती साथ देत नव्हती. हे माहीत असले की सहाव्या व्याख्यानातल्या एका वाक्याकडे अधिक काळजीने पाहावे लागते.

त्या व्याख्यानात मेणबत्तीचे जळणे आणि आपला श्वास यांची सांगड आहे. माणूस २४ तासांत ७ औंस कार्बनचे कार्बनिक ॲसिडमध्ये, म्हणजे आजच्या भाषेत कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतो, दुभती गाय ७० औंस आणि घोडा ७९ औंस, असे आकडे येतात. पुढे छापले आहे की एकट्या लंडनमध्ये श्वसनातून दिवसाला ५० लाख पौंड किंवा ५४८ टन कार्बनिक ॲसिड तयार होते. हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. इंग्लिश टन २२४० पौंडांचा. त्या हिशेबाने ५० लाख पौंड म्हणजे सुमारे २२३२ टन होतात.

मग ५४८ आले कुठून? लंडनची लोकसंख्या तेव्हा सुमारे २८ लाख होती. माणशी ७ औंस धरले तर १ कोटी ९६ लाख औंस, म्हणजे १२ लाख २५ हजार पौंड, म्हणजे जवळपास ५४७ टन. पण हे वजन कार्बनचे झाले. कार्बनच्या ६ भागांना ऑक्सिजनचे १६ भाग मिळून वायूचे २२ भाग होतात, तेव्हा तेवढ्या कार्बनपासून सुमारे ४५ लाख पौंड वायू होईल, जो ढोबळपणे ५० लाखांच्या घरात जातो. म्हणजे दोन्ही आकडे आपापल्या जागी ठीक आहेत. टन आहेत ते कार्बनचे, पौंड आहेत ते वायूचे, आणि दोन वाक्यांचे एक वाक्य झाले आहे.

ते कुठे झाले असावे? थकलेल्या वक्त्याच्या जिभेवर होऊ शकते. भराभर येणारे आकडे उतरवणाऱ्याच्या पेन्सिलीखाली होऊ शकते. क्रुक्सच्या टेबलावर होऊ शकते, जरी लघुलेखकाच्या अशाच चुका पकडण्याचे काम त्याने आपल्याकडे घेतले होते. मला लघुलेखकाची शक्यता जास्त वाटते. कारण वाक्यातले दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त त्यांच्यामधला ‘कार्बन’ हा एक शब्द गळला आहे, आणि ऐकून लिहिताना गळतो तो असाच एखादा शब्द. या पुस्तकाची नवी आवृत्ती किंवा भाषांतर जो कोणी करेल, त्याने ते वाक्य गुपचूप दुरुस्त करू नये. जसे छापले तसे ठेवावे, खाली टीप देऊन टन कशाचे आणि पौंड कशाचे ते सांगावे, आणि २८ लाख माणसे, माणशी ७ औंस हा हिशेब वाचकाला स्वतः करून पाहता येईल असा मांडावा.